विद्युतधारा आणि इलेक्ट्रॉन : बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एसएसएलसीची (दहावीची) मुलं, आयटीआयचे प्रशिक्षणार्थी, वायरिंगची कामं करणारे आणि आयपी सेटवर (विजेच्या पाणीपंपावर) शेती भिजवणारे शेतकरी यांचे प्रश्न वरवर वेगळे दिसतात, पण बहुतेकांचं मूळ एकच असतं. तारेत इलेक्ट्रॉन आधीपासून भरलेले असतात, ते वापरून संपत नाहीत, आणि जेवढी धारा बाहेर पडते तेवढी परत यावीच लागते. हे एकदा पक्कं बसलं की पुस्तकातलं गणितही सुटतं आणि बोर्डातला बिघाडही सापडतो.

विद्युतधारा म्हणजे नेमकं काय?

तारेच्या एखाद्या ठिकाणी आडवा छेद घेतला असं समजा. त्या छेदातून दर सेकंदाला जेवढा विद्युतप्रभार पार होतो, ती धारा. धारा = प्रभार ÷ वेळ. सेकंदाला एक कूलोम पार झाला की एक अँपिअर. तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या तारेत हा प्रभार इलेक्ट्रॉन वाहून नेतात. धातूच्या प्रत्येक अणूचे बाहेरचे एक ते तीन इलेक्ट्रॉन त्या अणूला बांधलेले नसतात, सगळ्या तारेभर मोकळे फिरत असतात. बटण बंद असतानाही ते तिथेच असतात. बटण दाबल्यावर त्यांच्या सैरावैरा हालचालीत एका दिशेची थोडी सरक मिसळते, एवढाच फरक पडतो.

एका अँपिअरमध्ये किती इलेक्ट्रॉन असतात?

एका इलेक्ट्रॉनचा प्रभार १.६०२१७६६३४ × १०^-१९ कूलोम. २० मे २०१९ पासून ही किंमत आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत अचूक म्हणून ठरवून दिलेली आहे आणि अँपिअरची व्याख्या तिच्यावरच उभी आहे. एक कूलोमला या संख्येने भागलं की ६.२४ × १०^१८ मिळतात, म्हणजे एका अँपिअरला सेकंदाला एवढे इलेक्ट्रॉन छेदातून जातात. परीक्षेत १.६ × १०^-१९ घेतलं तर उत्तर ६.२५ × १०^१८ येतं, तेही बरोबर धरतात.

हेच गणित घरातल्या वस्तूंना लावून पाहा. २३० व्होल्टवरचा ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब ०.२६ अँपिअर घेतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १.६ × १०^१८ इलेक्ट्रॉन. पाच एचपीची थ्री फेज मोटर भाराखाली दर फेजला साधारण साडेसात अँपिअर घेते, म्हणजे ४.७ × १०^१९. मुलांकडून हमखास होणारी चूक म्हणजे मिनिटांचे सेकंद न करणं. "०.५ अँपिअर धारा १० मिनिटं" असेल तर ६०० ने गुणायचं. प्रभार ३०० कूलोम, इलेक्ट्रॉन १.८७ × १०^२१.

इलेक्ट्रॉन तारेतून किती वेगाने जातात?

ऐकून खरं वाटत नाही इतके सावकाश. सूत्र असं : सरकण्याचा वेग = धारा ÷ (दर घनमीटरमधले मोकळे इलेक्ट्रॉन × छेदाचं क्षेत्रफळ × एका इलेक्ट्रॉनचा प्रभार).

तांब्याच्या एका घनमीटरमध्ये ८.५ × १०^२८ मोकळे इलेक्ट्रॉन असतात. घरात लाइट पॉइंटला टाकतात ती दीडची वायर म्हणजे १.५ चौरस मिमी. तिच्यातून ५ अँपिअर जात असतील तर वेग येतो सेकंदाला ०.२४५ मिमी. एक मीटर सरकायला ६८ मिनिटं. तीच धारा अडीचच्या वायरमधून नेली तर वेग आणखी कमी होतो, कारण वाट रुंद झाली.

या सरकण्याखेरीज प्रत्येक इलेक्ट्रॉनचा स्वतःचा सैरावैरा वेगही असतो, तांब्यात सेकंदाला दीड हजार किलोमीटरच्या घरात. पण तो सगळ्या दिशांना सारखाच असल्याने त्याची बेरीज शून्य होते आणि त्यातून धारा मिळत नाही. हे दोन वेग एकत्र करून लिहिलेली उत्तरं आम्ही चुकीची धरतो, आणि परीक्षकानेही धरावीत.

मग बटण दाबताच दिवा लगेच कसा लागतो?

बोअरवेलपासून उसाच्या टोकापर्यंत टाकलेली पाइपलाइन आधीच पाण्याने भरलेली असेल तर मोटर सुरू होताच शेवटच्या तोंडातून पाणी पडतं. ते पाणी आत्ता विहिरीतून निघालेलं नसतं, पाइपात होतंच, फक्त दाब तिथवर पोचला. तारेतही इलेक्ट्रॉन भरलेलेच असतात आणि बटण दाबल्यावर पसरतं ते विद्युतक्षेत्र. केबलमध्ये ते प्रकाशाच्या वेगाच्या अर्ध्याहून अधिक वेगाने पसरतं. त्यामुळे तारेतले सगळे इलेक्ट्रॉन, दिव्याच्या आतलेही, जवळजवळ एकदमच सरकू लागतात.

काळी नदीवरच्या नागझरीच्या वीजघरातून निघालेले इलेक्ट्रॉन आमच्या घरी येतात का?

नाही, एकही येत नाही. त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं, आपल्याकडची वीज एसी म्हणजे उलटसुलट दिशेने वाहणारी आहे, ५० हर्ट्झची. सेकंदाला शंभर वेळा धारेची दिशा बदलते. वरच्याच उदाहरणात, दीडच्या वायरमध्ये ५ अँपिअर असताना, इलेक्ट्रॉन या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम २.२ मायक्रोमीटर हलतो, म्हणजे मिलिमीटरच्या साडेचारशेव्या भागाइतका. जागच्या जागी पुढे-मागे होत राहतो.

दुसरं कारण पुस्तकात सहसा सापडत नाही, पण तेच अधिक पक्कं आहे. वाटेत ट्रान्सफॉर्मर असतात. गावाच्या कडेला ११ हजार व्होल्टचे ४३३ व्होल्ट करणारा जो ट्रान्सफॉर्मर दिसतो, त्याच्या दोन गुंडाळ्यांमध्ये तारेचा जोड नसतोच, मध्ये कागद आणि तेल असतं. ऊर्जा पलीकडे जाते ती लोखंडी गाभ्यातल्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे. गोकाकच्या धबधब्यावर १८८७ साली पाण्याच्या जोरावर वीज तयार झाली, तेव्हापासून आजवर जनित्राचं काम एकच : तारेत आधीच असलेल्या इलेक्ट्रॉनना ढकलणं. इलेक्ट्रॉन तयार करणं हे त्याचं काम कधीच नव्हतं.

इलेक्ट्रॉन येत नाहीत, संपत नाहीत, तर हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) बिल कशाचं?

ऊर्जेचं. एक युनिट म्हणजे १००० वॉट एक तास, ३६ लाख ज्यूल. इलेक्ट्रॉनांच्या संख्येवर बिल लावलं असतं तर ते अन्यायाचं ठरलं असतं, कारण तेवढेच इलेक्ट्रॉन २३० व्होल्टने ढकलले तर १२ व्होल्टपेक्षा १९ पट काम करतात.

धारेची दिशा आणि इलेक्ट्रॉनची दिशा उलटी का?

अठराव्या शतकाच्या मध्याला बेंजामिन फ्रँकलिन यांनी एका प्रकारच्या प्रभाराला धन आणि दुसऱ्याला ऋण ठरवलं. धारा धनाकडून ऋणाकडे मोजायची रीत तिथून रुजली. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये, जे. जे. थॉमसन यांच्या प्रयोगांत, आणि तो ऋण निघाला. तोवर ओहमचा नियम (१८२७), किरखॉफचे नियम (१८४५) आणि मोटर-जनित्रांची सगळी गणितं जुन्या दिशेने लिहून झाली होती. ऋण प्रभार डावीकडे गेला काय किंवा तेवढाच धन प्रभार उजवीकडे गेला काय, मंडलातल्या गणिताचं उत्तर तेच येतं, म्हणून रीत बदलण्याची गरज पडली नाही.

परीक्षेत बाण विचारला तर बॅटरीच्या बाहेर धारेचा बाण धन टोकाकडून ऋण टोकाकडे काढा, इलेक्ट्रॉनचा त्याच्या उलट. डायोड आणि ट्रान्झिस्टरच्या चिन्हातला बाण धारेच्या दिशेचा असतो. पीयूसीला (अकरावी-बारावीला) गेल्यावर गोंधळ होतो तो इथेच.

दिवा धारा "खातो" ना? मग पुढे कमीच धारा जात असणार?

नाही. एकाच वाटेच्या मंडलात दिव्याच्या आधी जेवढी धारा, तेवढीच दिव्यानंतर. तसं नसतं तर दिव्यात इलेक्ट्रॉन साठत गेले असते, आणि इतका प्रभार कुठेही साठून राहू शकत नाही. दिवा घेतो ती ऊर्जा. हे पटवून घ्यायला वर्गात पुढचा प्रयोग करा. त्याला घरातल्या लाइनची गरज नाही, आणि घरातल्या लाइनवर तो करायचाही नाही.

हा प्रयोग कसा करायचा? साहित्य काय लागेल?

नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि तिची क्लिप, ४७० ओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर (पिवळा, जांभळा, तपकिरी पट्टा), एक लाल एलईडी, एक डिजिटल मल्टिमीटर आणि चार-पाच क्रोकोडाइल क्लिपा.

बॅटरीच्या धनापासून रेझिस्टर, रेझिस्टरपासून एलईडीचा लांब पाय, आखूड पायापासून बॅटरीचं ऋण. लाल एलईडीवर सुमारे २ व्होल्ट पडतात, उरलेले ७ व्होल्ट रेझिस्टरवर. ७ ÷ ४७० = ०.०१५, म्हणजे १५ मिलिअँपिअर. मीटर मिलिअँपिअरच्या २०० च्या रेंजवर ठेवा आणि लाल वायर "एमए" लिहिलेल्या छिद्रात घाला. आता बॅटरी आणि रेझिस्टर यांच्यामधला जोड सोडून त्या फटीत मीटर बसवा. आकडा लिहून घ्या. मग तो जोड परत लावून एलईडी आणि बॅटरीचं ऋण यांच्यामधला जोड सोडा आणि तिथे मीटर बसवा. आकडा तोच येतो. सेकंदाला ९.४ × १०^१६ इलेक्ट्रॉन, दोन्हीकडे.

कुठे बिघडतं? एलईडी उलटा लागला तर आकडा शून्य. बॅटरी जुनी असेल तर १५ ऐवजी ११-१२ दिसतात, आणि दोन मोजण्यांच्या मधल्या वेळात थोडे उतरूही शकतात. म्हणून तिसऱ्यांदा पुन्हा पहिल्या जागी मोजून बघायचं. रेझिस्टर विसरला तर एलईडी जळतो. सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे मिलिअँपिअरवर असलेला मीटर थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावणं. अशा वेळी मीटरचा स्वतःचा रोध (धारेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात) अगदी कमी असल्याने सगळी धारा त्याच्यातून जाते आणि आतला फ्यूज उडतो. मीटर "बिघडला" म्हणून शाळेच्या कपाटात पडून असलेल्या मीटरमध्ये बहुतेकदा एवढंच झालेलं असतं. मागचं झाकण उघडून त्याच मापाचा फ्यूज घाला.

आणि प्रयोग झाल्यावर लाल वायर परत व्होल्टच्या छिद्रात. अँपिअरच्या छिद्रात राहिलेल्या वायरीने नंतर कोणी प्लगमधले २३० व्होल्ट मोजायला गेला तर तो थेट शॉर्टसर्किट करतो, मीटर हातात फुटू शकतो.

इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज करताना तिच्यात इलेक्ट्रॉन भरले जातात का?

नाही. एका टोकातून जेवढे आत येतात तेवढेच दुसऱ्यातून बाहेर जातात. १५० अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण वापरली तर ५ लाख ४० हजार कूलोम, म्हणजे ३.३७ × १०^२४ इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून फिरतात. तरी बॅटरीतली त्यांची एकूण संख्या तेवढीच राहते. बदलतं ते रसायन : वीज देताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट बसतं आणि आम्ल पातळ होतं, चार्ज करताना उलटं घडतं. बॅटरी बरेच दिवस उतरलेलीच ठेवली तर ते सल्फेट कडक होऊन बसतं आणि पुन्हा विरघळत नाही. खानापूरच्या पावसाळ्यात लाइट वारंवार जाते, तिथे हे जास्त दिसतं.

तार का तापते? जोडच का जळतो?

सरकणारे इलेक्ट्रॉन धातूच्या थरथरत्या अणूंवर आदळून मिळवलेली ऊर्जा तिथेच सोडतात. उष्णता = धारेचा वर्ग × रोध. सैल स्क्रूखाली अर्धा ओहम रोध तयार झाला आणि त्यातून १० अँपिअरचा हीटर चालला, तर त्या इवल्याशा जागेत ५० वॉट उष्णता निघते. एवढ्यात प्लास्टिक वितळतं. एमसीबी (धारा जास्त झाली की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, कारण धारा वाढलेलीच नसते. सॉकेट गरम लागणं, पिवळं पडणं, जळका वास ही लक्षणं दिसली की मेन बंद करून स्क्रू उघडा, काळवंडलेलं टोक कापून नवं काढा, सॉकेट बदला. पोलवरून येणारी अ‍ॅल्युमिनियमची सर्व्हिस वायर तांब्याला नुसती पिळून जोडू नका, दोन धातूंसाठी बनवलेला लग (वायरीच्या टोकाला बसवायचा जोड) वापरा. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चटकन चढतो आणि तो वीज वाहू देत नाही.

क्लॅम्प मीटर (वायरीभोवती जबडा लावून धारा मोजणारा) लावला तर शून्य दाखवतो. मीटर खराब आहे का?

दोन्ही वायरी जबड्यात घेतल्या असतील. फेजमधून (वीज आणणाऱ्या वायरीतून) जेवढी धारा जाते तेवढीच न्यूट्रलमधून (परतीच्या वायरीतून) उलट येते, दोघींची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना रद्द करतात. एकच वायर घ्या, आकडा येईल. मात्र दोन्ही मुद्दाम एकत्र घेण्याचाही उपयोग आहे : मिलिअँपिअर दाखवणारा मीटर असेल आणि दोन्ही मिळून शून्य येत नसेल, तर तेवढी धारा न्यूट्रलने न परतता भिंतीतून किंवा अर्थमधून जाते आहे. गळती शोधायला याहून सोपा उपाय नाही. अर्थची वायर मात्र जबड्याबाहेर ठेवायची.

घरात काहीच चालत नाही, पण टेस्टर प्लगच्या दोन्ही छिद्रांत पेटतो. असं कसं?

न्यूट्रल तुटला आहे. फेज चालू राहिलेल्या उपकरणातून पलीकडे न्यूट्रलच्या वायरीपर्यंत पोचतो, पण परतीची वाट नसल्याने धारा वाहत नाही. टेस्टरला पेटायला एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी पुरतं, म्हणून तो दोन्हीकडे पेटतो. टेस्टर विभव (व्होल्टेज) दाखवतो, धारा नाही. खात्री करायला सगळ्या उपकरणांचे प्लग काढा, दिव्यांची बटणं बंद करा, मग टेस्टर एकाच छिद्रात पेटेल.

हा बिघाड पोलवर झाला तर गोष्ट गंभीर. थ्री फेजच्या लाइनवर फांदी पडून सगळ्यांचा न्यूट्रल गेला की कमी भाराच्या घरात व्होल्टेज ३०० च्या पुढे जाऊ शकतं आणि टीव्ही-फ्रीज जळतात. दिवे एकाएकी फार प्रखर झाले की आधी मेन पाडा, मग लाइनमनला फोन करा.

आमच्याकडे अर्थिंग केलेलं आहे. मग आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) कशाला?

हा प्रश्न आकड्यांनीच सोडवावा. पंपाच्या लोखंडी अंगाला फेज लागला. धारा अर्थच्या खड्ड्यातून जमिनीत, तिथून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थमधून परत गुंडाळीत, असा फेरा पूर्ण होतो. तुमच्या खड्ड्याचा रोध २० ओहम आणि ट्रान्सफॉर्मरचा ५ ओहम धरला तर धारा २३० ÷ २५ = ९.२ अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी या धारेला कधीच पडणार नाही, आणि पंपाच्या अंगावर ९.२ × २० = १८४ व्होल्ट तसेच राहतील. सी प्रकारची एमसीबी तत्काळ आणि खात्रीने पडायला १६० अँपिअर लागतात, म्हणजे सगळ्या फेऱ्याचा रोध दीड ओहमच्या आत हवा. जमिनीतून ते जवळजवळ अशक्य.

जांबोटी-कणकुंबीकडच्या जांभ्या जमिनीत तर उन्हाळ्यात रोध खूप चढतो. अथणी-चिकोडीकडची काळी माती ओल धरते तोवर चांगली, पण वाळली की आकसते आणि पाइपाभोवती फट पडते. म्हणून जीआय पाइप निदान अडीच मीटर खोल, भोवती कोळसा आणि मीठ, आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी. रोध अर्थ टेस्टरने मोजून घ्या, "खड्डा केलाय" यावर थांबू नका.

आरसीसीबी फेज आणि न्यूट्रलची धारा सतत तोलतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तोडतो, जमीन कशीही असो. ओल्या हाताने २३० व्होल्टला स्पर्श झाला तर शरीरातून शंभर मिलिअँपिअरच्या वर जाऊ शकतात आणि हृदयाची लय बिघडायला त्याहून कमी पुरतात. महिन्यातून एकदा "टी" बटण दाबून तो पडतो का पाहा. अर्थिंग आणि आरसीसीबी, दोन्ही हवीत.

इलेक्ट्रॉनशिवाय विद्युतधारा असते का?

असते. बॅटरीच्या आम्लात आणि आपल्या शरीरात आयन (प्रभार असलेले अणू) धारा नेतात, धन एका दिशेला आणि ऋण दुसऱ्या. अर्धवाहकात इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागाही धन प्रभारासारख्या सरकतात.

बोअरवेल लांब आहे, मोटर गरम होते. केबलचा दोष की लाइटचा?

आधी केबल बघा. पाच एचपी, साडेसात अँपिअर, ३०० मीटर अंतर, अडीचची तांब्याची केबल. एका तारेचा रोध सुमारे २.२ ओहम, म्हणजे दर तारेत १६.५ व्होल्ट पडतात आणि दोन फेजमधलं व्होल्टेज त्याच्या १.७३ पट, सुमारे २९ व्होल्टने घटतं. ४१५ चे ३८६ होतात. स्टार्टरपाशीच ३७० मिळत असतील तर खाली ३४० उरले. व्होल्टेज उतरलं तरी पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून मोटर जास्त धारा ओढते आणि तापते. या अंतराला चारची केबल घ्या, ती पडझड १८ व्होल्टवर आणते.

मग तिन्ही फेजची धारा क्लॅम्प मीटरने एकेक करून मोजा. तिन्ही जवळपास सारख्या हव्यात. एक शून्य आणि बाकी दोन पावणेदोन पट दिसल्या तर एक फेज गेला आहे आणि मोटर दोनच फेजवर चालते आहे. अशी ती काही मिनिटांत गुंडाळी जाळते. स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर थांबवणारा) बसवा आणि ओव्हरलोड रिले (धारा वाढली की मोटर थांबवणारा) मोटरच्या पाटीवर छापलेल्या अँपिअरवर लावा. रिले वारंवार पडतो म्हणून त्याचा काटा वर सरकवून ठेवण्याची सवय गावोगाव आहे. रिले पडतो तेव्हा धारा खरोखर वाढलेली असते. काटा जागेवर राहू द्या आणि धारा का वाढली ते शोधा : व्होल्टेज, केबल, बेअरिंग, की पंपात शिरलेली वाळू.